इल्फर्डचा हत्ती आणि आपले बत्तीस दात

गेल्या हिवाळ्यात माझी खालची डावीकडची शेवटची दाढ काढावी लागली. काढण्याआधी डॉक्टरीणबाईंनी सगळे तोंड तपासले आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मदतनीस मुलीला त्या आकडे सांगत गेल्या. वर उजवीकडे आठ नाही, सात आहे, सहावर कॅप, पाच नाही, चार ठीक. मग वर डावीकडे, मग खाली. मी तोंड वासून पडले होते, बोलायची सोय नव्हती. पण मनात म्हटले, बाई, हे तर आमचे दंतसूत्र! चाळीस वर्षे मुलांना फळ्यावर जे लिहून दाखवले ते आता माझ्याच तोंडात कोणी मोजून दाखवते आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी ते आकडे ऐकले असतील आणि त्यांचा अर्थ विचारायचा राहून गेला असेल. म्हणून हा लेख. आणि दुसरे कारण असे की, दात मोजण्याच्या शास्त्रातले एक फार मोठे प्रकरण आपण राहतो त्या इल्फर्डमध्येच जमिनीतून वर आलेले आहे, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी आकड्यांचे पाहू. आपल्या जबड्याचे चार भाग करा: वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा. चारी भाग सारखेच, म्हणून एकाचे वर्णन केले की काम भागते. मधल्या रेषेपासून मागे जाऊ लागलो की प्रथम दोन चपटे, धारदार दात लागतात. शाळेत आपण त्यांना पटाशीचे दात म्हणत होतो, कारण ते सुताराच्या पटाशीसारखे तुकडा पाडतात. त्यानंतर एक टोकदार सुळा. मग दोन उपदाढा आणि सर्वांत मागे तीन दाढा, त्यांतली शेवटची अक्कलदाढ. दोन, एक, दोन, तीन. बेरीज आठ. चार भाग, म्हणून बत्तीस. डॉक्टरीणबाई एक ते आठ मोजत होत्या ते हेच आठ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना इथले दंतवैद्य आकडे न देता इंग्रजीतली ए ते ई ही पाच अक्षरे देतात. दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दुधाच्या दाढा. पाच चोक वीस.

प्राणिशास्त्रज्ञ हेच एका ओळीत लिहितात. वरच्या जबड्याच्या एका बाजूचे आकडे वर, खालच्या जबड्याचे खाली, मध्ये रेघ, अपूर्णांक लिहितो तसे. माणसाचे वर २.१.२.३ आणि खाली २.१.२.३. क्रम कधी बदलायचा नाही: पटाशीचे, सुळा, उपदाढा, दाढा. एखादा प्रकार नसेल तर ती जागा गाळायची नाही, तिथे शून्य मांडायचे. हे शून्य फार महत्त्वाचे आहे, ते का ते पुढे येईलच.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरळ 'बत्तीस' म्हटले तर? त्याचे उत्तर गायीच्या तोंडात आहे. गायीलाही बत्तीसच दात असतात. माणसाला बत्तीस, गायीला बत्तीस. पण तुमच्या-माझ्या तोंडात आणि गायीच्या तोंडात काही साम्य आहे का? गायीचे सूत्र वर ०.०.३.३ आणि खाली ३.१.३.३ असे आहे. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही. तिथे हिरडीची कडक गादी असते. गाय जिभेने गवत गुंडाळून आत ओढते, खालचे दात त्या गादीवर दाबते आणि हिसडा देते. खालच्या बाजूला पुढे आठ दात एका ओळीत दिसतात, चार इकडे आणि चार तिकडे. त्यांतला प्रत्येक बाजूचा चौथा हा खरे तर सुळा आहे, पण तो पटाशीच्या दातांच्या रांगेत असा जाऊन बसला आहे की वेगळा ओळखूच येत नाही. बकरी आणि मेंढी यांचेही सूत्र हेच. नुसती बेरीज केली असती तर माणूस आणि गाय एका कप्प्यात पडली असती.

गायीबैलांचे पुढचे आठ दात आपल्या वाडवडिलांना शास्त्र शिकल्याशिवाय तोंडपाठ होते. आमच्या घरी अलिबागच्या बाजूला तेलाचा घाणा होता. शनवार तेल्यांच्या घरात घाणा असायचा यात नवल काही नाही. खोबरे आणि तीळ गाळायचे, पेंड विकायची, आणि सगळा संसार एका बैलावर फिरायचा. बैल घाटावरून यायचे आणि विकत घेताना प्रथम ओठ उचलून दात पाहायचे. सगळे दुधाचे असतील तर तो आदत. मधले दोन दुधाचे पडून मोठे दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की बैल जुळला असे म्हणायचे. पहिली जोडी दोन-अडीच वर्षांची येते आणि पाच वर्षांच्या सुमारास तोंड पुरे होते. त्यानंतर मोजायचे काही उरत नाही. किती झिजले ते पाहायचे.

माझे वडील एक गोष्ट सांगत. एका वर्षी आजोबांनी ओळखीच्या माणसाकडून बैल घेतला. घरोब्याचा माणूस, त्याच्यासमोर बैलाचा ओठ उचलणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, म्हणून आजोबांनी पाहिले नाही. त्याने चौसा सांगितला, यांनी मानला. घरी आणल्यावर आजीने पाहिले. दात आठ होते, तेही झिजून खुंटासारखे झालेले, मध्ये फटी पडलेल्या. पावसाळ्यात बैल बसला तो उठला नाही. घाणा चार महिने बंद राहिला. आजीच्या हातातल्या पाटल्या त्या पावसाळ्यात गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे आजोबा सख्ख्या भावाचा बैलसुद्धा तोंड पाहिल्याशिवाय घेत नसत. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात ते ठीक आहे. पैसे मोजून घेतलेल्या बैलाचे मोजावेत.

आजोबांना जे आठ दातांवरून कळत होते तेच शास्त्रज्ञ सगळ्या जबड्यावरून काढतात: प्राणी कोण, वय काय, खातो काय. कुत्र्याचे पाहा. वर ३.१.४.२, खाली ३.१.४.३, एकूण बेचाळीस. आपल्या बागेत रात्री कचऱ्याच्या पिशव्या फाडणारा कोल्हा, त्याचेही अगदी हेच सूत्र. म्हणजे तो कुत्र्याचा भाऊबंद. मांजराचे वर ३.१.३.१, खाली ३.१.२.१, म्हणजे तीस. मांजर मांसावरच जगते, तिला दळायचे काही नाही, म्हणून मागच्या दाढा जवळजवळ गेल्या. उंदराचे उलट. वर १.०.०.३, खाली १.०.०.३, सगळे मिळून फक्त सोळा. पुढे वर-खाली एकेक जोडी कुरतडायला, ती जन्मभर वाढत राहते. मग सुळ्याची आणि उपदाढांची जागा मोकळी, तिथे दोन शून्ये. मग दळायला तीन दाढा. व्हॅलेंटाइन्स पार्कमध्ये आपल्या बाकापर्यंत येणारी करडी खार तशीच, फक्त तिला काही उपदाढा आहेत म्हणून तिचे बावीस भरतात. सशाला मात्र वर पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत, पण सूत्रात वर '२' आणि खाली '१' असे लिहावे लागते, आणि त्या एका आकड्यामुळे ससा उंदराच्या गोतातून बाहेर पडतो.

उपदाढ आणि दाढ यांत फरक कसा करायचा, असे मुले नेहमी विचारत. दोन्ही दिसायला सारख्याच. त्याचे उत्तर दिसण्यात नाही, इतिहासात आहे. उपदाढेच्या जागी आधी दुधाचा दात असतो, तो पडतो आणि मग ती येते. खऱ्या दाढेच्या आधी तिथे कोणीच नसते; जबडा लांबला की ती मागच्या मोकळ्या जागेत नवीन उगवते. म्हणून मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास जी मोठी दाढ येते ती काहीही न पडता येते, आणि पुष्कळ आया तिला दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती जन्माची सोबतीण असते. नातवंडे असतील तर एवढे आईबापांना जरूर सांगा.

या सगळ्या मांडणीत ज्याचा हात मोठा, तो माणूस लंडनचाच. रिचर्ड ओवेन. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्ये त्यानेच दिला, आणि साउथ केन्सिंग्टनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम १८८१ मध्ये उघडले त्यामागेही त्याचीच खटपट होती. स्वभावाने तो भांडखोर आणि हेवेखोर होता असे त्याच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे, पण दातांच्या बाबतीत त्याची नजर पक्की. १८४० च्या दशकात हजारो जबडे तपासून त्याने सांगितले की पिल्लू पोटात वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांचा मूळ नमुना वर ३.१.४.३ आणि खाली ३.१.४.३ असा धरावा, म्हणजे चव्वेचाळीस दात. पुढे प्रत्येक घराण्याने आपापल्या खाण्याप्रमाणे त्यांतले काही गमावले. माणसाने प्रत्येक भागातला एक पटाशीचा आणि दोन उपदाढा गमावल्या. आपल्याकडच्या माकडांचेही तसेच; वानराचे सूत्र आणि माणसाचे सूत्र एकच, २.१.२.३. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस राखून ठेवणारे आज थोडेच उरले. एक चिचुंदरीच्या जातीचा, बागेत मातीचे ढीग घालणारा मोल. आणि दुसरा डुक्कर! ज्याला आपण कधी ताटात घेतले नाही त्याने वडिलोपार्जित इस्टेट अशी सगळी सांभाळली आहे.

ताटाचा विषय निघाला म्हणून तालमूदातली एक चर्चा इथे सांगते, कारण ती दातांचीच आहे. वायिक्राच्या अकराव्या अध्यायात शुद्ध जनावराच्या दोन खुणा दिल्या आहेत, दुभंगलेला खूर आणि रवंथ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण रानात एखादे जनावर सापडले आणि त्याचे खूर तुटलेले असतील तर? 'खुलीन' या भागात रब्बी म्हणतात की त्याचे तोंड पाहा. वरचे दात नसतील तर ते रवंथ करणारे आणि शुद्ध समजावे. लगेच कोणी शंका काढतो: उंटाचे काय? तो रवंथ करतो, पण शुद्ध नाही. त्यावर उत्तर येते की उंटाला वर सुळे असतात. आता आजचे सूत्र पाहा. उंटाचे वर १.१.३.३, खाली ३.१.२.३, एकूण चौतीस. वर एक सुळा आणि त्याच्या पुढे सुळ्यासारखाच टोकदार झालेला पटाशीचा एक दात. गायीच्या वरच्या ओळीची सुरुवात ०.० अशी, उंटाची १.१ अशी. जनावरांची तोंडे त्या काळच्या लोकांनी किती बारकाईने पाहिली असतील!

आता आपल्या इल्फर्डच्या हत्तीकडे येऊ.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात इल्फर्डच्या आसपास विटांच्या खाणी होत्या. रोडिंग नदीने आणून टाकलेली पिवळसर माती खणायची, तिच्या विटा पाडायच्या आणि लंडन बांधायचे. इल्फर्ड लेनच्या बाजूला अपहॉल नावाची अशीच एक खाण होती. आज तिथे घरांच्या रांगा आहेत. खणताना मजुरांना मोठमोठी हाडे लागत. नौदलाच्या कचेरीत नोकरीला असलेले अँटोनियो ब्रॅडी नावाचे गृहस्थ स्ट्रॅटफर्डला राहत आणि फावल्या वेळात ही हाडे जमवत. एपिंग फॉरेस्ट लोकांसाठी राखले जावे म्हणून झटणाऱ्यांतही ते होते, आणि पुढे 'सर' झाले. गेंडे, सिंह, अस्वले, रानबैल, प्रचंड शिंगांची हरणे, असे प्राणी त्यांना इल्फर्डच्या मातीत मिळाले. अडचण अशी की हाडे इतकी ठिसूळ असत की हवा लागताच भुगा व्हायचा. १८६४ मध्ये अपहॉलच्या खाणीत मॅमथची कवटी लागली, दोन्ही बाजूंच्या लांब सुळ्यांसकट. ब्रिटिश म्युझियममधले विल्यम डेव्हिस आले आणि त्यांनी प्लास्टर चढवून, आधार देऊन ती सबंध बाहेर काढली. ब्रॅडींचा संग्रह पुढे म्युझियमने घेतला, आणि डेव्हिस यांनी १८७४ मध्ये त्याची सूची छापली. कवटी आज नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ताब्यात आहे. ब्रिटनमध्ये इतकी पूर्ण मॅमथची कवटी दुसरी नाही. वय सुमारे दोन लाख वर्षे. क्लेमेंट्स रोडवर आपल्या ग्रंथालयाच्या इमारतीत जे रेडब्रिज म्युझियम आहे, तिथेही या मॅमथची हकीगत मांडली आहे. जायला पैसे पडत नाहीत आणि लिफ्ट आहे.

मॅमथ काय आणि आजचा हत्ती काय, दातांचा हिशेब एकच: वर १.०.३.३, खाली ०.०.३.३, एकूण सव्वीस. पण हत्तीच्या तोंडात कोणी सव्वीस दात कधी पाहिले आहेत का? नाही. तीच तर गंमत आहे.

पहिली गंमत भाषेची. हत्तीच्या बाहेर आलेल्या दातांना आपण मराठीत सुळे म्हणतो. रानडुकराच्याही सुळे म्हणतो. डुकराचे खरोखरच सुळे आहेत, सूत्रातल्या दुसऱ्या आकड्याचे. हत्तीचे मात्र सुळे नव्हेत. ते पटाशीचे दात आहेत, पहिल्या आकड्याचे. हे कसे ठरवतात? दात किती लांब किंवा टोकदार आहे ते पाहत नाहीत, तो कोणत्या हाडात रुजला आहे ते पाहतात. वरच्या जबड्याचे सर्वांत पुढचे एक वेगळे हाड असते, त्यात उगवेल तो पटाशीचा. हत्तीचे 'सुळे' त्या हाडातून येतात. म्हणून सूत्रात पहिल्या जागी १ आणि सुळ्याच्या जागी शून्य. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण करणाऱ्याला निदान अर्धे शास्त्र माहीत होते.

हिब्रूत दाताला शेन म्हणतात, आणि मलाखीम पुस्तकात शेलोमो राजाच्या जहाजांनी जे हस्तिदंत आणले त्याला शेनहाबीम म्हटले आहे. त्यातला 'हाब' म्हणजे हत्ती, आणि तो संस्कृतातल्या 'इभ' शब्दाशी जोडलेला असावा असे काही अभ्यासक मानतात. माल आपल्या बाजूने गेला तर शब्दही गेला असेल.

हत्तीचा आणखी एक नातलग आपल्या पुस्तकांत आहे, तो म्हणजे शाफान. एन गेदीला गेलेल्यांनी खडकांवर उन्हात बसलेले ते सशाएवढे प्राणी पाहिलेच असतील. त्याचे सूत्र वर १.०.४.३ आणि खाली २.०.४.३. वरचे पुढचे दोन दात बारीक सुळ्यांसारखे, आणि जन्मभर वाढत राहणारे, हत्तीसारखेच. दिसायला ससा आणि नात्याने हत्तीच्या घरचा! आकाराला भुलू नये.

दुसरी गंमत दाढांची. हत्तीच्या जबड्यात प्रत्येक भागाला जन्मभरात सहा दाढा मिळतात: पहिल्या तीन दुधाच्या उपदाढा, पुढच्या तीन खऱ्या दाढा. पण त्या एकदम येत नाहीत. एका वेळी प्रत्येक भागात एक, फार तर दोन कामावर असतात. आपला नवा दात खालून वर येतो. हत्तीची नवी दाढ मागून येते आणि हळूहळू पुढे सरकते, जणू फिरत्या पट्ट्यावर ठेवली आहे. पुढची दाढ झिजत झिजत पुढच्या टोकाला तुकडे होऊन गळते आणि मागची तिची जागा घेते. पहिल्या दाढा लहान, पिल्लाच्या तोंडात मावतील अशा. शेवटची विटेएवढी नव्हे, त्याहूनही मोठी. ही सहावी दाढ तिशी-चाळिशीच्या दरम्यान कामाला लागते आणि साठीच्या पुढेमागे झिजून जाते. तिच्यामागे कोणी नाही. मग हत्ती पाण्याकाठचे मऊ गवत शोधत राहतो, तेही चावता येईनासे होते, आणि रानात इतर कशाने मेला नाही तर तो अखेर उपाशी मरतो. अंगात ताकद असते, समोर चारा असतो, फक्त दळायला जाते उरत नाही. कोहेलेथच्या बाराव्या अध्यायात म्हातारपणाच्या वर्णनात दळणाऱ्या बायका कमी पडल्या म्हणून थांबल्या असे येते. टीकाकार तिथे दाढाच समजतात. आजच्या हिब्रूतही दाढेला तोहेनेत म्हणजे दळणारीच म्हणतात. आपणही दळणे आणि दाढ एका दमात उच्चारतो.

तिसरी गोष्ट दाढेच्या वरच्या पृष्ठभागाची. हत्तीची दाढ म्हणजे एकामागे एक उभ्या लावलेल्या पट्ट्यांची चवड. प्रत्येक पट्टीला कडक दंतवल्काचे आवरण, मध्ये मऊ पदार्थ; मऊ भाग लवकर झिजतो आणि कडक कडा वर राहतात, टाकी लावलेल्या जात्याच्या पाळीसारख्या. जात्याला टाकी लावणारा बोलवावा लागत असे; इथे झिजच टाकी लावत जाते. हत्तींच्या सगळ्या जातींचे सूत्र एकच असल्यामुळे सूत्रावरून जात कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञ या पट्ट्या मोजतात. ही मोजणी पद्धतशीर करणारा ह्यू फाल्कनर हा स्कॉटिश डॉक्टर. तो तरुणपणी हिंदुस्थानात आला, सहारणपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला, आणि गंगेच्या कालव्याचे इंजिनियर प्रॉबी कॉटली यांच्याबरोबर त्याने शिवालिक टेकड्यांत हत्तींचे ढीगभर जीवाश्म खणले. तिथे शिकलेली नजर घेऊन त्याने युरोपातले हत्ती वेगळे केले. आफ्रिकेच्या हत्तीच्या दाढेत पट्ट्या थोड्या आणि रुंद, मध्ये फुगलेल्या; आपल्या आशियाई हत्तीच्या आणि मॅमथच्या पुष्कळ, पातळ आणि दाटीच्या. थंड माळावरचे रेताड, खरखरीत गवत खायचे तर कडा जास्त हव्यात. इल्फर्डचा मॅमथ पूर्वी केसाळ मॅमथ म्हणून धरला जाई. पण त्याच्या दाढांत पट्ट्या केसाळ मॅमथपेक्षा कमी भरतात. म्हणून आता त्याला त्याच्या आधीच्या, स्टेप मॅमथ नावाच्या जातीचा शेवटी शेवटी लहान झालेला वंशज मानतात. सांगाड्यावर पाटी बदलली ती दाढेतल्या पट्ट्या मोजून.

फाल्कनरनेच नाव दिलेला सरळ दातांचा हत्तीही इल्फर्डच्या मातीत सापडला आहे. त्याचाच हिंदुस्थानातला जवळचा भाऊ नर्मदेच्या काठी मिळाला, आणि गोदावरीच्या गाळात मिळाल्याचे पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले. गोदावरी आणि रोडिंग, दोन्हीकडे एकाच घराण्याचे हत्ती पाणी पीत होते म्हणायचे.

सूत्र सगळीकडे चालते असे मात्र नाही. खवल्या मांजराला दातच नाहीत. डॉल्फिनला पुष्कळ, पण सगळे एकसारखे सुळके. त्यात पटाशीचे कोणते आणि दाढा कोणत्या हे ठरत नाही, तिथे नुसती मोजदाद. आणि अमेरिकेतला पिशवीवाला ओपोसम प्रत्येक बाजूला वर पाच पटाशीचे दात घेऊन येतो, एकूण पन्नास; तो ओवेनच्या चव्वेचाळीसमध्ये बसतच नाही. आपल्यातही पुष्कळांना अक्कलदाढ येत नाही. सूत्र जातीचे असते, एकेका माणसाचे नव्हे.

हे मी माझ्या नातवाला सांगत होते. तो सात वर्षांचा, पुढचे वरचे दोन पडलेले. मी म्हटले, आम्ही दात कौलावर फेकत होतो. तो म्हणाला, मला उशीखाली एक पौंड मिळाला. मग त्याने वही आणली आणि आजी, तुझे सूत्र काढू या, म्हणाला. मी आरशासमोर बसले आणि तो टॉर्च घेऊन मोजू लागला. पहिलीच अडचण आली, कारण सूत्रात दोन्ही बाजू सारख्या धरतात आणि माझ्या नाहीत. म्हणून त्याने चार ओळी केल्या. वर उजवीकडे २.१.१.२. वर डावीकडे २.१.२.१. खाली उजवीकडे २.१.२.१. खाली डावीकडे दोन, एक, दोन, आणि शेवटच्या जागी काय लिहायचे ते त्याने विचारले. तिथली सहावी जुनीच गेलेली, सातवी हिवाळ्यात गेली. शून्य लिही, म्हटले. जागा गाळायची नाही. त्याने शून्य मांडले, बेरीज केली, तेवीस आली. मग ग्लासातली कवळी दाखवून त्याने विचारले, हे धरायचे का? मी सांगितले, ते नाही धरायचे.